पावडरची स्की आणि स्कीची कंबर

गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यावर, सुमारे 3,980 मीटरवर सोडतो. खालचं पठार 2,650 मीटरच्या आसपास. मधल्या उतारावर एकाच दिवसात बर्फाची कितीतरी रूपं भेटतात. वर वाऱ्याने थापून टणक केलेला थर, आडोशाच्या घळीत भुसभुशीत पावडर, आधी गेलेल्यांनी उकरून ठेवलेले ढिगारे आणि खाली झाडीत दुपारनंतरचा ओला, जड बर्फ. पुण्या-मुंबईहून निघालेला हौशी माणूस मात्र दुकानात शिरताच ‘पावडरची स्की’ मागतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

गैरसमज: स्की जितकी रुंद, तितकी चांगली.

रुंदी म्हणजे बुटाखालची, कंबरेची रुंदी. अनेक मॉडेलांच्या नावातला आकडा तोच असतो. तयार केलेल्या पिस्टवरच्या स्कीची कंबर 70 ते 85 मिलिमीटर असते, निव्वळ पावडरच्या स्कीची 110 च्या पुढे. मऊ बर्फात तरंगायला रुंदी उपयोगी पडते हे खरंच. पण लांबी, टोकाचा आकार आणि तुमचं वजनही तितकंच महत्त्वाचं. टणक बर्फावर हीच रुंदी अंगावर येते. कड बुटाच्या मध्यापासून दूर जाते, स्की कलवायला जास्त जोर लागतो आणि तो ताण घोट्यावर नि गुडघ्यावर पडतो. एका कडेवरून दुसरीवर जायलाही वेळ लागतो. वादळानंतरच्या सकाळी 115 ची स्की स्वर्ग दाखवते. चार दिवस हिमवर्षाव झाला नाही की तीच पाय भरून आणते. एकच जोड घ्यायचा, तर मी 98 ते 106 च्या पट्ट्यातच शोधेन.

गैरसमज: रॉकर आला, कॅम्बर जुना झाला.

सपाट जमिनीवर ठेवलेली स्की मधोमध कमानीसारखी उचललेली दिसते, तो कॅम्बर. टोकं आधीपासूनच वर वळू लागतात, तो रॉकर. शेन मॅककॉन्की या स्कीपटूने पाण्यावरच्या स्कीवरून रॉकरची कल्पना उचलली आणि 2002 च्या सुमारास ‘व्होलंट स्पॅट्युला’ बाजारात आली. संपूर्ण उलटी वाकलेली, कंबर टोकांपेक्षा रुंद. खोल बर्फात तिने चमत्कार केला, पण टणक उतारावर तिची कड धरेना. म्हणून आज बहुतेक सर्वगुणी स्कींना पुढे रॉकर, मागे थोडा रॉकर आणि बुटाखाली कॅम्बर असतो. पुढचं टोक बर्फात रुतत नाही आणि मधला भाग कडेला पकड देतो. मिश्र बर्फासाठी मला रुंदीपेक्षा ही रचना अधिक मोलाची वाटते. दुकानात मात्र तिच्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं.

गैरसमज: आखूड स्की सोपी.

शिकाऊंसाठी, पिस्टवर, हो. पण रॉकर असलेल्या स्कीची टोकं टणक बर्फाला टेकतच नाहीत. त्यामुळे 180 सेंटिमीटरची स्की तिथे बरीच आखूड वाटते. तीच पावडरमध्ये मात्र पूर्ण लांबीनिशी तरंगते. सराव असेल तर उंचीइतकी किंवा थोडी जास्त लांबी घ्यायला कचरू नका.

गैरसमज: हलकी ती उत्तम.

स्कीच्या तळाला स्किन (चढताना पकड देणारी पट्टी) लावून स्वतःच्या पायांनी चढणाऱ्याला हलकेपणाचं मोल कळतं. गोंडोलाने वर जाणाऱ्याला उतरतानाच त्याची किंमत मोजावी लागते. उकरलेल्या ढिगाऱ्यांतून हलकी स्की इकडेतिकडे फेकली जाते, थोडी वजनदार स्की ते कापत जाते.

गैरसमज: रुंद स्कीमुळे हिमस्खलनातून निसटता येतं.

हा समज सगळ्यांत घातक. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे पावडरचे शौकीन ज्यावर जीव टाकतात नेमक्या त्याच उतारावर. सरकणाऱ्या थराशी कोणत्याही स्कीला शर्यत लावता येत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू आणि फेब्रुवारी 2024 मध्ये खिलनमर्ग भागात एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात दगावले. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग काढणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), जाणकार गाईड आणि त्या दिवशीचा इशारा यांची जागा स्की घेऊ शकत नाही.

उरलं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी यंत्रणा. त्याचा ब्रेक कंबरेइतका किंवा किंचित जास्त रुंद हवा. 100 च्या स्कीला 90 चा ब्रेक बसत नाही. बुटाचा तळ ग्रिपवॉकचा, म्हणजे चालायला सोयीचा वक्र, असेल तर बाइंडिंग त्याला चालतं का, हे विचारून घ्या. बूट मात्र स्वतःचेच न्या आणि रुंद स्की वादळाच्या दिवसापुरती भाड्याने घ्या. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडंच होतं. तेव्हा 118 ची स्वतःची स्की घेऊन गेलेल्याला ती खोलीतच उभी करून ठेवावी लागली असती.