जत्रा देवीची, राई गावाची

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या राया, धुंडाळत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. तिथली काळकाई देवीची राई तोडायचं वनखात्यानं ठरवलं होतं आणि गावाच्या पाण्याचा झरा त्या राईतून येत होता. राई गेली की पाणी जाणार, हे सांगायला गावाला कुणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. गरज होती ती त्यांचं म्हणणं सरकारदरबारी पोहोचवणाऱ्याची. त्या भटकंतीतून पुढे 1975 आणि 1976 साली देवरायांवरचे महत्त्वाचे शोधनिबंध आले.

काळकाई, वाघजाई, शिरकाई. देवी वेगळ्या, दंडक सारखाच. राईत कुऱ्हाड लावायची नाही. काही ठिकाणी वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. अगदीच नड असली तर देवीला कौल लावायचा. वर्षाकाठी जत्रा भरली की लहानथोर सगळे त्या झाडांखाली येत, आणि दंडक पुढच्या पिढीला न शिकवता कळे.

सगळीकडे तो टिकला नाही. पानशेतच्या परिसरात धरण आलं, रस्ता आला, मागोमाग कोळशाचे ठेकेदार आले. शेकडो वर्षांचे वृक्ष भट्टीत गेले. लोकांची श्रद्धा आटली म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. गावच उठलं, मग राखणार कोण?

अलीकडची दोन वर्षं मला आशेची वाटतात. फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर, अभिनेते सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’ या संस्थेच्या पुढाकारानं, वृक्षसंमेलन भरलं. अध्यक्ष होता वटवृक्ष! झाडाला मानाचं आसन देणारी ही कल्पना आपल्या मातीतलीच आहे. मराठवाड्याच्या उन्हात उत्सवाचा कस मात्र मे महिन्यात लागतो, रोपांना पाणी घालताना. दुसरं वर्ष 2021. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली जेमतेम 2.59 हेक्टरची देवराई जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथे रानजायफळाच्या कुळातली झाडं पाणथळ जमिनीत उभी आहेत, मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर काढून. असंच दुर्मीळ जंगल पलीकडे गोव्यात, सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या राईत आहे. दोन्हीकडे ते देवाच्या नावानं राखलं गेलं.

आज धोका आहे तो भक्तीच्याच रूपात. मुंबई-पुण्याला गेलेली मुलं हौसेनं वर्गणी पाठवतात. कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं होतं, सभामंडप वाढतो, फरशी बसते, गाड्यांसाठी वाट रुंद होते. दर वेळी चार-दोन झाडं जातात. पूर्वी कित्येक देवी उघड्यावर, झाडांच्या छायेतच नांदत होत्या. देऊळ मोठं आणि राई लहान, हा हिशेब देवीला मान्य असेल, असं कोणत्या गावानं कौल लावून विचारलंय?

तुमच्या गावाला राई असेल, तर यंदाच्या जत्रेआधी ग्रामसभेत एक ठराव जरूर मांडा: राईच्या हद्दीत नवं बांधकाम नाही, आणि जमलेल्या वर्गणीतला ठरलेला वाटा राईच्या राखणीला.