सौजन्याची मापे आणि परदेशातील मैत्री

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याला तेथील सहाध्यायांची मैत्री पुष्कळदा अपुरी वाटते. त्याचा दोष तो त्यांच्या स्वभावाला देतो. परंतु सौजन्याची मापे देशोदेशी भिन्न असतात, हे या असमाधानाचे एक कारण सहसा नजरेतून सुटते.

जर्मनी सोडून १९३३ मध्ये अमेरिकेस गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये या दोन समाजांची तुलना केली. त्यांच्या मते व्यक्तिमत्त्वास एकात एक असे थर असतात. अमेरिकन मनुष्याचे बाहेरचे थर अनोळखी माणसासही खुले असतात. बंद असतो तो केवळ आतला गाभा. जर्मन मनुष्य दार आधीच लावून घेतो. साहजिकच अमेरिकेत आलेला नवागत पहिल्या भेटीतील हसतमुख आपुलकीला मैत्रीचा आरंभ समजतो आणि पुढे निराश होतो.

सौजन्यालाही दोन अंगे आहेत, असे पेनेलोपी ब्राउन व स्टीफन लेविन्सन या अभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडले. आपल्याला इतरांनी आपले मानावे ही एक इच्छा. आपल्यावर कोणी भार टाकू नये ही दुसरी. त्यांच्या विवेचनास तमिळ भाषेच्या अभ्यासाचाही आधार होता. मराठीत मित्राला ‘वही दे’ म्हणणे ही जवळीक होय; ‘कृपया वही देता का?’ म्हटल्यास तो आपण रागावलो की काय, असे विचारील. इंग्रजीत मात्र तीच थेट मागणी हुकुमासारखी वाटू शकते. उलटपक्षी, क्षुल्लक गोष्टीसाठी परवानगी मागणारा व आभार मानणारा अमेरिकन सोबती भारतीय विद्यार्थ्यास परका भासतो. वस्तुतः दोघेही सभ्यपणेच वागत असतात; एक जवळीक दाखवितो, तर दुसरा मोकळीक राखतो.

येथे अपेक्षांचाही विचार केला पाहिजे. हवाई विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास स्टीफन बॉख्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मैत्रीची तीन वर्तुळे आढळली. स्वदेशीय मित्र आपली संस्कृती जपण्यास, यजमान विद्यार्थी अभ्यासादी व्यवहारात आणि इतर परदेशी सोबती विरंगुळ्यास उपयोगी पडतात. एकाच वर्तुळाकडून सर्व काही मागणाऱ्याच्या पदरी निराशा येणे स्वाभाविक होय.

म्हणून शब्द खटकला की लगेच निवाडा न करता ‘तुमच्याकडे हे कसे म्हणतात?’ असे विचारावे. मात्र हे शिकणे केवळ पाहुण्याचे कर्तव्य नव्हे. यजमानानेही पाहुण्याचे माप जाणून घेतले, तरच ओळखीचे मैत्रीत रूपांतर होते.