चव्हाट्यावरचा दिवा कोणाचा?

जी वस्तू सर्वांची, तिची काळजी कोणीच वाहत नाही, हा मनुष्यस्वभावाचा जुना दोष आहे. आणि गावाच्या चव्हाट्याइतकी सर्वांची वस्तू दुसरी नाही. आमच्या जिल्ह्यातील एका मोठ्या नगराच्या चव्हाट्यावर वाहतुकीचे दिवे उभे आहेत. ते उभारले तेव्हा नारळ फुटला, हारतुरे झाले, भाषणे झाली. पुढे एका पावसाळ्यात ते बंद पडले ते बंदच राहिले. आम्ही चार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून चौकशी केली. पहिलीने सांगितले की, रस्ता आमचा, दिवे आमचे नव्हेत. दुसरीने सांगितले की, दिवे आम्ही बसविले खरे, परंतु ते चालविणे पोलिसांचे काम. तिसरीचे म्हणणे असे की, आमच्याकडे शिपाई आहेत, तारा जोडणारा कारागीर नाही. चौथीने वीज-आकाराच्या थकबाकीचा कागद पुढे केला आणि तो कोणी भरावयाचा हे तुम्हीच आपसांत ठरवा, असे बजावले. चारही उत्तरे खरी होती, हेच या प्रकरणातील दुर्दैव होय. खोटे बोलणारास पकडता येते. परंतु चौघे खरे बोलून जेथे काम अडते, तेथे दोष माणसांचा नसून व्यवस्थेचा असतो, आणि व्यवस्थेचा दोष सुधारणे हे आरडाओरड करण्यापेक्षा पुष्कळच कठीण काम आहे.

वाचकांनी आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांचा सातबारा एकदा नजरेखालून घालावा. तुळजापूरहून नांदेडवरून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब अशा आमच्या गावांतून जातो. नागपूर-हैदराबादचा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो. हे मार्ग केंद्राचे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. इतर जिल्हामार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे. नगराच्या आतील रस्ते नगरपरिषदेचे. यवतमाळ शहरात रस्ता नगरपरिषदेचा असला तरी त्याच्या पोटातील पाण्याचा नळ महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा, काठचा खांब महावितरणचा, आणि वर धावणारी वाहने आवरण्याचे काम पोलिसांचे. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही काल-परवापर्यंतची ग्रामपंचायतीची गावे शहराच्या हद्दीत आली, तेव्हा त्यांचे रस्तेही एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेले. परंतु धनी बदलला म्हणून रस्त्याचा खड्डा बुजत नाही. इतके मालक ज्या चव्हाट्यावर एकत्र येतात, त्या चव्हाट्याचा स्वतःचा असा मालक मात्र कोणत्याही वहीत लिहिलेला आढळत नाही.

ही विभागणी कोणी मूर्खपणाने केलेली नाही, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यास समिती नेमण्यात आली. मोटारीचे युग सुरू झाल्यावर रस्त्यांचा बोजा प्रांतिक सरकारांस व स्थानिक संस्थांस झेपणारा राहिलेला नाही, तो काही अंशी तरी देशाने उचलला पाहिजे, असा त्या समितीने निष्कर्ष काढला. आणि त्यातूनच १९२९ साली पेट्रोलवरील जादा करातून मध्यवर्ती रस्ता-निधी निर्माण झाला. पुढे १९४३ साली, नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना, तेथेच देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली, आणि राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हामार्ग, ग्राममार्ग अशी रस्त्यांची उतरंड तिने ठरविली. आज आपण जी वर्गवारी वापरतो तिचा पाया आपल्याच विदर्भात घातला गेला, हे आमच्या वाचकांस अभिमानाने आठवावेसे वाटेल. परंतु ही वर्गवारी पैसा कोणी द्यावयाचा या प्रश्नाच्या उत्तरासाठी झाली. रस्ता ही एक लांब रेषा आहे असे समजून ती केलेली आहे. दोन रेषा जेथे एकमेकींस छेदतात त्या बिंदूचे काय, हा प्रश्न तेव्हा तातडीचा नव्हता, कारण बैलगाडी आणि क्वचित येणारी मोटार यांस एकमेकांस वाट देण्यास दिव्याची गरज नव्हती. आज अपघात रेषेवर जितके घडतात, तितकेच या बिंदूवर घडण्याचे भय आहे, आणि बिंदू अद्याप अनाथच आहे.

मालक एक व चालक दुसरा असला म्हणजे काय होते, याचा धडा यवतमाळकरांस दुसरीकडे शोधावयास नको. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची ‘शकुंतला’ आगगाडी. मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा, गाडी चालविणारी सरकारी रेल्वे. भाडे कोणी किती द्यावयाचे याचे करार झाले; रूळ कोणी कधी बदलावयाचे याचा निकाल मात्र लागला नाही. आज त्या मार्गावर गाडी धावत नाही. कराराने नफ्याची वाटणी झाली, कर्तव्याची झाली नाही, म्हणजे शेवट हाच होतो.

रस्त्यांच्या मालकीचा विचार आपल्याकडे रस्त्याच्या हितासाठी न होता भलत्याच हेतूने कसा होतो, याचेही एक उदाहरण येथे नमूद करणे अवश्य आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्री करण्यास मनाई केली. मद्य पिऊन गाडी हाकणाराकडून निरपराध माणसे मरू नयेत, हा त्या निकालाचा हेतू. त्यावर तोड म्हणून २०१७ साली यवतमाळ, जळगाव व लातूर या शहरांतून जाणाऱ्या मार्गांचे भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची वाट शासनाने धरली. महामार्ग एका रात्रीत साधा रस्ता झाला म्हणजे दुकान वाचते, हा त्यातील हिशेब. त्याच वर्षी जुलै महिन्यात न्यायालयानेच नगरांच्या हद्दीतील परवान्यांस ही मनाई लागू नाही असा खुलासा केला, आणि त्या खटाटोपाचे कारणच उरले नाही. आमचा मुद्दा दारूचा नाही. तो स्वतंत्र व मोठा विषय आहे. आमचा मुद्दा इतकाच की, एका दुकानाच्या परवान्यासाठी जर कचेऱ्यांना रस्त्याची जबाबदारी चार दिवसांत एकीकडून दुसरीकडे सरकविता येते, तर एका शाळकरी मुलाच्या जिवासाठी ती निश्चित करण्यास वर्षानुवर्षे का लागावीत? हे काम कायद्याने अशक्य आहे अशी सबब यापुढे कोणी सांगू नये.

वास्तविक पाहता कायदा या बाबतीत मुका नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते व पूल, तसेच पथदीप, वाहनतळ व बसथांबे ही नगरांची कामे म्हणून सांगितली आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता-सुरक्षा समितीची तरतूद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ च्या निकालात अशा समित्या जिल्ह्याजिल्ह्यांत स्थापन करण्याविषयी आज्ञा दिली आहे. २०१९ साली त्याच कायद्यात कलम १९८-अ घालण्यात आले. रस्त्याची आखणी, बांधणी अथवा निगा ठरलेल्या मानाप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित अधिकाऱ्यास, ठेकेदारास वा सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर खड्ड्यामुळे वा उघड्या गटाराच्या तोंडामुळे मृत्यू आल्यास वारसांस ६ लाख रुपये, आणि जखमीस दुखापतीच्या मानाने ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. परंतु दंड असो वा भरपाई असो, ती वसूल करावयाची झाली म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच : कोणाकडून? सरकारवर दावा लावावयाचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ज्या विधवेचा नवरा चव्हाट्यावर चिरडला गेला, तिने ती नोटीस चार कचेऱ्यांपैकी कोणाच्या नावे लिहावी?

या ठिकाणी कायद्याचेच एक जुने व शहाणपणाचे तत्त्व मदतीस येते. दोन वाहनांच्या संमिश्र निष्काळजीपणाने तिसऱ्या निरपराध माणसास इजा झाली, तर त्याने सर्व भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून घ्यावी, आणि वाटणीचे भांडण त्या दोघांनी मागाहून आपसांत तोडावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हे तत्त्व पुन्हा स्पष्ट शब्दांत सांगितले. जो न्याय दोन मालमोटारींच्या धन्यांस लागू, तोच दोन सरकारी खात्यांस लागू करण्यात कोणता अधर्म आहे? जनतेसमोर एकाने उत्तर द्यावे. हिशेब खात्यांनी पडद्याआड करावा.

बारभाईंच्या कारभाराची आपल्या भाषेत थट्टा होते, आणि ‘बारा भाईंची खेती, काय लागेल हाती’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर पुण्यात जे मूळचे बारभाई एकत्र आले, त्यांनी राज्य बुडविले नाही, सावरले. कारण नाना फडणीस व सखारामबापू यांच्यासारखी माणसे पुढे होऊन जबाबदारी शिरावर घेण्यास तयार होती. अनेकांनी मिळून काम करणे हा दोष नव्हे. अनेकांत कोणीच पुढारी नसणे हा दोष आहे. यास्तव आम्ही सर्व रस्ते एकाच खात्याकडे द्या असे म्हणत नाही. तसे करणे शक्य नाही, आणि स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने इष्टही नाही. आमच्या सूचना साध्या आहेत.

पहिली सूचना अशी की, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यातील प्रत्येक मोठ्या चव्हाट्याची एक नोंदवही तयार व्हावी. कोणत्या चव्हाट्यास कोणाचे किती रस्ते मिळतात हे तीत लिहावे, आणि प्रत्येकासाठी एकच संस्था उत्तरदायी म्हणून नेमावी. तिचे नाव, अधिकाऱ्याचे पद व तक्रारीचा क्रमांक यांची पाटी त्या चव्हाट्यावरच लावावी.

दुसरी खर्चाच्या वाटणीची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात राज्याचा मार्ग व नगराचा मार्ग जेथे मिळतात, तेथील दिव्यांचा खर्च ज्याच्या जितक्या वाटा त्या प्रमाणात वाटून घेण्याची पद्धत आहे. चार वाटांपैकी दोन महामार्गाच्या, एक बांधकाम खात्याची, एक नगरपरिषदेची, तर निम्मा खर्च केंद्राचा आणि एकेक चतुर्थांश इतर दोघांचा. हे गणित मराठी चौथीच्या मुलासही करता येईल. आपल्या कचेऱ्यांस ते का जमू नये?

तिसरी सूचना निगेची. दिवा बसविणे हे एका दिवसाचे काम, तो चालू ठेवणे हे रोजचे. विजेचा आकार, जळालेले दिवे, बिघडलेले यंत्र, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळेचे मान, या चार गोष्टींची तरतूद करारात नसेल तर तो दिवा बसवूच नये. शाळा सुटण्याच्या वेळेची गर्दी निराळी, बाजाराच्या दिवसाची निराळी, आणि कापसाच्या हंगामात गाड्या व मालमोटारी यार्डाकडे लोटतात तेव्हाची निराळी. एकदा लावलेले सेकंद बारा महिने तसेच ठेवले म्हणजे लोक दिव्यास जुमानीनासे होतात, आणि न जुमानलेला दिवा नसलेल्या दिव्याहून अधिक घातक असतो. रहदारीच्या किती भरास दिवा बसवावा याची माने इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिली आहेत. जेथे गतिरोधक, रुंद वळण व पादचाऱ्यांचा पट्टा यांनी भागते, तेथे केवळ शोभेसाठी खांब रोवू नयेत.

चौथी खोदकामाची. नळासाठी वा तारेसाठी रस्ता खणणाराने तो पूर्ववत करण्याची अनामत आधी भरावी, आणि खणण्याचा दिवस सर्व खात्यांनी मिळून ठरवावा. डांबर आज आणि कुदळ उद्या, हा उलटा क्रम बंद झाला तरी पुष्कळ पैसा वाचेल.

पाचवी वणी भागाची. तेथील भूमीतून कोळसा निघतो, तो वाहणाऱ्या अवजड गाड्यांनी रस्ते दबतात, आणि धूळ मात्र गावकऱ्यांच्या वाट्यास येते. खाणींच्या उत्पन्नातून बाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद २०१५ साली कायद्यात झाली आहे, आणि त्या निधीतून करावयाच्या कामांत रस्ते व पूल यांचाही समावेश आहे. ज्याच्या चाकांनी रस्ता झिजतो त्याच्या उत्पन्नातूनच तो दुरुस्त व्हावा, यात अन्याय कसला?

आमच्या नगरपरिषदा दरिद्री आहेत, त्यांच्यावर नवा भार कशास, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. १९९९ साली नगरपरिषदांची जकात गेली. नाक्यांची नावे उरली, पेटी रिकामी झाली, आणि तेव्हापासून त्या शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या आहेत. परंतु म्हणूनच वाटणीचा करार त्यांच्या हिताचा आहे. आज संबंध ओझे अंगावर पडेल या भयाने त्या मागे सरतात. उद्या चौथा हिस्साच आपला हे कागदावर आले, तर पुढे येतील. राज्यातील नगरपरिषदांवर कित्येक वर्षे प्रशासक होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनी लोकनियुक्त सभागृहे पुन्हा उभी राहिली आहेत. त्यांनी आपल्या कारकीर्दीचा आरंभ या नोंदवहीच्या ठरावाने करावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.

शेवटी दोन शब्द आपणा नागरिकांस. तांबडा दिवा असता पोलीस नाही म्हणून गाडी पुढे दामटणारा, दुकानाची फळी रस्त्यावर सरकविणारा आणि रात्री मागे दिवा न लावता कापसाची गाडी हाकणारा, हे तिघेही या पापाचे वाटेकरी आहेत. स्वराज्य म्हणजे आपले दिवे दुसऱ्याने लावावयाचे राज्य नव्हे. परंतु नागरिकाने नियम पाळावा असे सांगण्याचा अधिकार सत्तेस तेव्हाच पोचतो, जेव्हा तिचा स्वतःचा दिवा चालू असतो. तेव्हा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांस एकाच कचेरीकडून, एकाच कागदावर हवे आहे : तो चव्हाट्यावरचा दिवा कोणाचा?