घाटावरचा ‘घ’

काशीच्या दशाश्वमेध घाटावर संध्याकाळची गंगाआरती सुरू झाली की कुणी ना कुणी मोबाइल उंच धरून घरच्यांना ती ऐकवत असतो. ‘‘आई, ऐकू येतंय का गं?’’ हे पुण्यात नीट पोहोचतं. घंटा आणि शंख मात्र साध्या कॉलवर पाण्यात बुडाल्यासारखे वाटतात. गोंगाट दाबणाऱ्या सोयींचा यात हात असतोच. पण मूळ गोम अशी, की फोन आवाजापेक्षा गळ्याचा हिशेब पाठवतो.

टेलिफोनवरचं बोलणं सेकंदाला ८,००० वेळा मोजतात. प्रत्येक मोजणीला ८ बिट, म्हणजे ६४,००० बिट. पण बोलताना तोंडाची पोकळी तशी सावकाश बदलते. त्यामुळे मागच्या दहाएक मोजण्यांना योग्य वजनं देऊन बेरीज केली, की पुढच्या मोजणीचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. यालाच लिनिअर प्रेडिक्शन म्हणतात. मग मोजण्या कशाला धाडायच्या? वजनं धाडावीत.

जपानमध्ये इताकुरा आणि सायतो यांनी १९६०च्या दशकात या दिशेने काम केलं. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये बिष्णू अटल यांनी. अटल यांचा जन्म १९३३ चा, कानपूरचा. शिक्षण लखनौ आणि बंगळूरला.

याच भाकितावर बेतलेल्या अमेरिकी सरकारच्या एलपीसी-१० या प्रमाणकात साडेबावीस मिलिसेकंदांच्या तुकड्याला फक्त ५४ बिट मिळतात. साध्या मोजणीत तिथे १,४४० लागले असते. त्या ५४ पैकी ४१ पर्यंत बिट तोंडाच्या आकारावर, म्हणजे त्या वजनांवर, खर्च होतात. उरलेल्यांत आवाजाचा जोर, स्वराची उंची आणि एक प्रश्न: कंठ कंपतोय की नुसती हवा फुसफुसतेय?

काशीतल्या वेदपाठशाळेतल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. घोष की अघोष, हे प्रातिशाख्यांनी कधीच विचारून ठेवलंय. ‘ग’ घोष, ‘क’ अघोष. पण ‘घ’? तिथे कंठही कंपतो आणि श्वासही सुटतो. हो-नाहीत उत्तर मागणारं यंत्र इथे अडखळतं, आणि ‘घाट’ म्हणायचं तर सुरुवातच ‘घ’ने! पुढे मेल्प नावाच्या पद्धतीने कंप आणि फुसफुस यांचं मिश्रण मान्य केलं.

त्याआधीच, १९८५ मध्ये, अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांनी घोष की अघोष हा प्रश्नच टाळला. कंठातून निघणाऱ्या लहरीचे तयार नमुने एका कोशात ठेवायचे, एकेक लावून पाहायचा आणि मूळ बोलण्याच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या नमुन्याचा फक्त क्रमांक पाठवायचा. या पद्धतीचं नाव सेल्प. तेव्हा एका सेकंदाच्या बोलण्यासाठी क्रे महासंगणकाला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. आज तिचेच वंशज खिशातल्या फोनमध्ये बोलता-बोलता हे काम उरकतात.

घंटेचं गाऱ्हाणं राहिलंच. तिला ना कंठ, ना जीभ-ओठांची पोकळी. शेकडो घणघणत्या सुरांना दहा वजनं पुरी पडत नाहीत. म्हणून इंटरनेटवरच्या कॉलसाठी २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ओपसमध्ये दोन यंत्रणा ठेवल्या आहेत: बोलण्यासाठी भाकिताची, संगीतासाठी निराळी. आरती ऐकवायची असेल, तर ही दुसरी कामाची.