सभागृहाविना महापालिका

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभी असलेली मुंबई महापालिकेची इमारत बहुतेकांना माहीत आहे ती तिच्या मनोऱ्यामुळे. डिसेंबर 1884 मध्ये लॉर्ड रिपन यांनी तिची कोनशिला बसवली. दोन वर्षे आधी, 1882 मध्ये, स्थानिक स्वराज्य संस्थांचा पुरस्कार करणारा ठराव केला होता तो याच व्हाइसरॉयने. समोरचे स्थानक उभारणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केला आणि 1893 मध्ये काम पुरे झाले. दरम्यान 1888 चा महापालिका कायदा आला, आणि शहराचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो. या कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार सरकारनियुक्त आयुक्तांकडे दिला. पैसा मंजूर करणे आणि जाब विचारणे हे काम महापालिका सभा व स्थायी समितीकडे ठेवले. त्यामुळे या वास्तूचे खरे मर्म आयुक्तांच्या दालनापेक्षा सभागृहात आहे.

एखाद्या रस्त्याच्या मोठ्या कंत्राटाचा प्रस्ताव घ्या. प्रशासन तो स्थायी समितीपुढे आणते. तिथे कुणी हरकतीचा मुद्दा मांडतो, कुणी दर चढा का, असे विचारतो. प्रस्ताव कधी मंजूर होतो, कधी फेरविचारासाठी परत जातो, कधी थेट दप्तरी दाखल होतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात निवडणूक जानेवारी 2026 पर्यंत लांबली. त्या काळात आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. 2025-26 चा 74 हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्पही असाच संमत झाला. घटनेच्या 243 यू कलमानुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, तरीही हे घडले.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की नगरसेवक भांडतात, टक्केवारी खातात. प्रशासक असला की कामे झपाट्याने होतात. यातला पहिला भाग खोटा म्हणता येणार नाही. इमारतीसमोर ज्यांचा पुतळा आहे ते फिरोजशहा मेहता स्वतः एकहाती, सक्षम आयुक्ताचे समर्थक होते. पण त्यांनी आयुक्तावर लोकनियुक्त सभेचा वचकही मागितला होता, आणि त्यांच्या आग्रहाचा दुसरा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो. झपाटा हा देखरेखीला पर्याय होत नाही. बंद दाराआड चूक झाली तर ती कळतच नाही. सभागृहात ती निदान इतिवृत्तात नोंदली जाते. भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येते, प्रशासकाला मतदार हटवू शकत नाही.

म्हणून 227 नगरसेवक निवडून आले एवढ्यावर समाधान मानू नये. आपल्या प्रभागातला प्रस्ताव समितीपुढे कधी आला आणि आपल्या नगरसेवकाने त्यावर काय भूमिका घेतली, हे प्रत्येक मतदाराने त्याला विचारले पाहिजे.