उचल : देणे की येणे?

पावसाळा उतरू लागला की म्हसवड-दहिवडीकडच्या वाड्यावस्त्यांवर एक प्रश्न हमखास कानी येतो, "यंदा उचल किती घेतली?" विचारणारा आणि सांगणारा दोघेही हा शब्द इतक्या सवयीने वापरतात, की त्याचा अर्थ कोणी कोणाला सांगत बसत नाही. वाचकहो, आज तो जरा हातात घेऊन पाहू. शब्द तुमच्या घरातलाच आहे.

पैशाच्या देण्याघेण्याला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर किंवा शंभर रुपये आणले तर ते उसने. त्याला व्याज नाही, कागद नाही, आणि परत मागायचा संकोच देणारीलाच अधिक. दुकानातून माल आधी आणला, पैसे मागून दिले, तर ती उधारी. बँकेचे किंवा सोसायटीचे ते कर्ज, आणि मुदतीत भरले नाही की त्याची थकबाकी. 'बाकी' हा अरबीतून आलेला शब्द, उरलेले अशा अर्थाचा. त्यात बाकी थकते की माणूस थकतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ही देणी आपण बोलताना कुठे ठेवतो ते पाहा. उसने हाताचे, म्हणून हातउसने. कर्ज डोक्यावर असते. उचल मात्र अंगावर असते. "त्याच्या अंगावर वीस हजार उचल राहिली," असेच म्हणतात. भाषा इथे नेमके बोलते, कारण ही रक्कम पैशाने फेडायची नसते, अंगमेहनतीने फेडायची असते.

उचल म्हणजे कामाआधी किंवा मालाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. सालगडी पाडव्याला साल ठरवताना उचल घेतो. दूध घालणारा गवळ्याकडून उचल घेतो आणि ती दुधाच्या पगारातून कापली जाते. कांदा निघण्याआधी अडत्याकडून घेतलेली उचल पट्टीतून वळती होते. पण माण, आटपाडी, जत या भागांत उचल म्हटले की आधी डोळ्यांपुढे येतो तो ऊसतोडीचा मुकादम.

नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल कोयत्यावर ठरते. पैसे मोजून घेतो पुरुष. फेडायला पहाटे थंडीत फडात दोघेही उतरतात. मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे यात बाईचा वाटा कमी नसतो. तरी घेतलेली रक्कम नेमकी किती, दर टनाला काय, हे तिला विचारा, पुष्कळदा उत्तर येते, "मालकांना ठाऊक." आजारपणात काम बुडाले तर खाडा धरला जातो. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या वहीत जाते. वही मुकादमाकडे, आकडे मुकादमाचे. खरी अडचण आहे ती इथे. उचल घेणे हा गुन्हा नव्हे. हंगामाच्या तोंडावर घरात दाणे भरून ठेवायला, मुलाच्या शाळेला दुसरा पैसा कुठला?

वही दुसऱ्याच्या हाती असण्याचे हे दुखणे जुने आहे. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले केले, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा खतांवर आणि रोख्यांवर होता. पाठोपाठ 1879 चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो लागू झालेल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. नुसता रोखा पाहून निकाल न देता मूळ व्यवहार खोदून पाहण्याचा अधिकार या कायद्याने कोर्टाला दिला.

उचलीलाही कायद्याची हद्द आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीच्या कर्जात आगाऊ रक्कमही धरली आहे. घेतलेल्या पैशाच्या बदल्यात माणसाची दुसरीकडे काम करण्याची किंवा हिंडण्याफिरण्याची मोकळीक काढून घेतली, तर ते देणे कायद्याने रद्द ठरते. प्रत्येक उचल काही अशी नसते. पण "पैसे फिटल्याशिवाय फड सोडायचा नाही" असे कोणी दरडावू लागला, तर तहसील कचेरीचा रस्ता मोकळा आहे हे माहीत असावे.

बायकांना हिशेब जमत नाही, हेही कोणी सांगू नये. म्हसवडला 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आधी परवान्याचा अर्ज नामंजूर झाला होता, कारण अर्जदार बायका निरक्षर होत्या. तेव्हा त्या बायकांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना सांगितले, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो.

आता या शब्दाची दुसरी बाजू. उरमोडी, जिहे-कठापूर योजनांचे पाणी तालुक्याच्या काही गावांत आले, तिथे ऊसही उभा राहिला. तो ऊसवालाही विचारतो, "कारखान्याने पहिली उचल किती जाहीर केली?" त्याची उचल म्हणजे घातलेल्या उसाचा पहिला हप्ता. तोडकऱ्याची उचल कामाआधी मिळते, म्हणून ते देणे. ऊसवाल्याची माल गेल्यावर मिळते, म्हणून ते येणे. शब्द एक, वाटा उलट्या. तिला उचल म्हणून म्हणून कारखान्याने आपल्यावर मेहरबानी केली असे ऊसवाल्याला वाटू लागते, पण तसे नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाला तर वर्षाला शेकडा 15 दराने व्याज. हे व्याज मागणारे फार थोडे. शिवाय बिलातून सोसायटीचे कर्ज आधीच वळते होते, ते वेगळेच.

कधी एकाच गावात हे दोन्ही उंबरे दिसतात. एकात उचल आली म्हणून पुरणपोळी, दुसऱ्यात उचल घेतली म्हणून बांधाबांध. दोघांचाही हिशेब शेवटी वजनकाट्याच्या पावतीवरच ठरतो. ऊसवाला ती जपून खिशात ठेवतो. तोडणाऱ्या बाईनेही दर खेपेला तो वजनाचा आकडा विचारून घ्यावा आणि घेतलेल्या रकमेशेजारी मुलाच्या जुन्या वहीत तारखेनिशी मांडून ठेवावा. मुकादम हिशेबाला बसेल, त्या दिवशी त्याच्या वहीशेजारी तीही उघडी असू द्या.