चाल कोणाची, चूक कोणाची?

संघ हरला की दोष कोणाच्या माथी मारायचा, हा प्रश्न क्रीडारसिकांना नवा नाही. क्रिकेटमध्ये फलंदाजीचा क्रम, नाणेफेकीनंतरचा निर्णय किंवा शेवटचे षटक कोणाला दिले, यावर आपल्याकडे रात्री जागतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हाच वाद एका वेगळ्या शब्दाभोवती फिरतो. तो शब्द म्हणजे 'प्ले कॉलिंग', अर्थात आक्रमणाच्या चालींची निवड. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस शहरात झालेल्या एका पराभवाने हा वाद असा काही पेटवला की एका प्रशिक्षकाची नोकरीच पणाला लागली. आणि अवघ्या सात आठवड्यांत तोच प्रशिक्षक राष्ट्रीय विजेतेपदाचा करंडक उंचावत होता. दोष नेमका कोणाचा होता, हे समजून घेण्यासाठी या सामन्याइतके बोलके उदाहरण विरळाच.

काय घडले होते?

ओहायो स्टेट आणि मिशिगन ही दोन सरकारी विद्यापीठे. त्यांच्या फुटबॉल संघांतील वैर १८९७ पासूनचे. त्या दिवशी यजमान ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होता, तर मिशिगनला पहिल्या पंचविसांतही स्थान नव्हते. ओहायो स्टेट सुमारे वीस गुणांनी जिंकेल, असा जाणकारांचा अंदाज होता. एक लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या साक्षीने घडले ते उलटेच. मध्यंतराला १०-१० अशी बरोबरी होती. उत्तरार्धात ओहायो स्टेटला एकही गुण मिळाला नाही. सामना संपायला ४५ सेकंद उरले असताना मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून चेंडू गोलखांबांमधून मारला आणि मिशिगनने १३-१० असा विजय मिळवला. मिशिगनकडून हा सलग चौथा पराभव होता. सामन्यानंतर दोन्ही संघांत धक्काबुक्की झाली आणि पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला.

समर्थकांचा संताप मात्र केवळ पराभवावर नव्हता. जेरेमाया स्मिथ आणि एमेका एग्बुका यांच्यासारखे पास झेलणारे अव्वल खेळाडू संघात असताना मुख्य प्रशिक्षक रायन डे आणि आक्रमणाचे समन्वयक चिप केली यांनी चेंडू पुन्हा पुन्हा मैदानाच्या मधोमध का धाववला, हा त्यांचा सवाल होता. कारण मधोमध उभे होते मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, मिशिगनच्या बचावफळीचे दोन बुरूज. पुढे एप्रिल २०२५ मध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा ग्रॅहमची निवड पाचव्या आणि ग्रँटची तेराव्या क्रमांकावर झाली. यावरून त्यांच्या ताकदीची कल्पना यावी. भक्कम तटबंदीवर डोके आपटायचे आणि बाजूचा दरवाजा उघडा असून तिकडे फिरकायचे नाही, असे हे डावपेच असल्याचे समर्थकांचे म्हणणे होते.

चाल ठरते कशी?

हा फुटबॉल पायाने खेळायचा नाही. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे किंवा फेकून सहकाऱ्याकडे पोहोचवायचा. आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड पूर्ण झाले की पुन्हा नवे चार प्रयत्न. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला पोहोचले की सहा गुण आणि त्यावर एक जादा गुण मिळवण्याची संधी. तेथपर्यंत जाता आले नाही, तर गोलखांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवता येतात.

प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि पुढची चाल सुरू करण्यासाठी साधारण ४० सेकंद मिळतात. एवढ्या वेळात समन्वयकाने परिस्थिती पाहायची, आठवडाभर सराव केलेल्या चालींमधून एक निवडायची आणि ती क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचवायची. पूर्वी यासाठी हातवारे आणि चित्रांचे फलक वापरले जात. २०२४ च्या हंगामापासून महाविद्यालयीन स्पर्धेच्या सर्वोच्च गटात शिरस्त्राणातील ध्वनियंत्रातून थेट बोलण्याची मुभा मिळाली. ४० पैकी १५ सेकंद उरले की हे बोलणे बंद होते. त्यानंतर समोरची मांडणी बघून चाल बदलायची की नाही, हे मैदानावरच्या विशीतील विद्यार्थ्याने ठरवायचे. म्हणजेच प्रेक्षकांना दिसते ती चाल एकट्या माणसाची नसते. तिच्यात समन्वयकाची निवड असते, क्वार्टरबॅकचे वाचन असते आणि समोरच्या बचावफळीने दिलेली किंवा नाकारलेली जागाही असते.

चेंडू धाववणे हा तुलनेने सुरक्षित मार्ग आहे. त्यात पुढे सरकणे थोडे, पण चेंडू गमावण्याचा धोकाही कमी. पास एका क्षणात सामना फिरवतो, पण तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडला तर सामना उलटाही फिरतो. या दोहोंचे प्रमाण ठरवणे हीच समन्वयकाची खरी कसोटी असते.

आकडे काय सांगतात?

त्या सामन्यात ओहायो स्टेटने २६ वेळा चेंडू धाववला आणि केवळ ७७ यार्ड मिळवले. प्रत्येक प्रयत्नामागे जेमतेम तीन यार्ड. एवढ्यावर समर्थकांचा दावा सिद्ध झाल्यासारखा वाटतो. पण त्याच सामन्यात क्वार्टरबॅक विल हॉवर्डने ३३ पास फेकले. म्हणजे धावण्यापेक्षा फेकणेच अधिक होते. त्या ३३ पासमधून १७५ यार्ड मिळाले आणि दोन पास मिशिगनच्या हाती पडले. त्यातील एकामुळे मिशिगनला ओहायो स्टेटच्या गोलरेषेलगत चेंडू मिळाला आणि त्यांचा सामन्यातील एकमेव टचडाउन झाला. शिवाय जेडन फील्डिंगच्या ४० यार्डांच्या आतील दोन किक चुकल्या. त्यांचे सहा गुण मिळाले असते, तर इतर सर्व काही तसेच राहूनही निकाल १६-१३ असा ओहायो स्टेटच्या बाजूने लागला असता आणि त्याच चालींना 'संयमी' म्हटले गेले असते.

प्रशिक्षकांची बाजू घेणारेही होते. मिशिगनचा भर लांब पास रोखण्यावर आहे असे दिसले, की समोर कमी माणसे उरतात आणि तेथे चेंडू धाववणे हे पाठ्यपुस्तकातील उत्तर ठरते, असे ते म्हणत. पण ते उत्तर अमलात आणणारे हात जायबंदी होते. आघाडीच्या फळीतील डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ओरेगनविरुद्धच्या सामन्यात जखमी झाला होता, तर सेंटर सेथ मॅकलॉफलिन नोव्हेंबरमध्ये. कागदावर बरोबर असलेली चाल त्या दिवशीच्या माणसांना पेलणारी होती का, हा समर्थकांच्या आक्षेपाचा खरा गाभा होता. त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. एक चाल फसणे समजू शकते. तीच चाल फसत असूनही तिच्याकडे परत परत वळणे, हा निवडीतील दोष मानावाच लागेल.

या हट्टामागे इतिहासाचे ओझे होते, असेही अनेकांचे निदान होते. १९५१ ते १९७८ या काळात संघ सांभाळणाऱ्या वुडी हेस यांनी ओहायो स्टेटला जमिनीवरच्या, रांगड्या खेळाची ओळख दिली. २०२१ मध्ये मात्र मिशिगनने २९७ यार्ड धावून याच संघाला ४२-२७ असे लोळवले. त्यानंतरच्या दोन पराभवांनी 'हा संघ नाजूक आहे' हा शिक्का पक्का झाला. तो पुसण्याच्या नादात प्रशिक्षकांनी प्रतिस्पर्ध्याच्या बलस्थानावरच चाल केली, असा हा तर्क. प्रशिक्षकांच्या मनात काय होते, हे बाहेरून सिद्ध करता येत नाही. मात्र पराभवाची सल पुढच्या निर्णयावर सावली टाकते, हा अनुभव कोणत्याही खेळाला परका नाही.

जिंकणाऱ्यांचे काय?

या वादाची दुसरी बाजू मिशिगनकडे पाहिल्यावर उमगते. विजेत्या मिशिगनने संपूर्ण सामन्यात अवघे १६ पास फेकले आणि त्यांतून ६२ यार्ड मिळवले. त्यांचेही दोन पास ओहायो स्टेटच्या हाती पडले. निर्णायक आक्रमणात तिसऱ्या प्रयत्नात सहा यार्ड हवे असताना, जेथे बहुतेक संघ पास फेकतील तेथे, केलेल मलिंग्ज चेंडू घेऊन धावला आणि २७ यार्ड पुढे गेला. तो तेथे अडवला गेला असता, तर त्या संध्याकाळी हाच वाद मिशिगनमध्ये रंगला असता. निकाल लागला की निर्णय शहाणा किंवा मूर्ख ठरतो. निर्णयाच्या क्षणी मात्र तो केवळ एक अंदाज असतो.

मिशिगनच्या व्यवस्थापनाने मात्र निकालाला भुलायचे नाकारले. हा ऐतिहासिक विजय मिळवून काही दिवस होतात न होतात तोच त्यांनी आपले आक्रमण-समन्वयक कर्क कॅम्पबेल यांना पदावरून दूर केले. हंगामभर रखडलेले आक्रमण एका विजयाने सुधारले असे त्यांनी मानले नाही. पराभूत संघाचे समन्वयक केली मात्र पदावर राहिले. केली हे डे यांचे गुरू. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात डे क्वार्टरबॅक होते, तेव्हा आक्रमणाची सूत्रे केली यांच्याकडे होती. पुढे गुरूच शिष्याच्या हाताखाली कामाला आले आणि संतप्त समर्थकांनी दोघांनाही एकाच पिंजऱ्यात उभे केले.

सात आठवड्यांनंतर

जुन्या पद्धतीनुसार दोन पराभव पदरी असलेल्या ओहायो स्टेटचा हंगाम बहुधा तेथेच संपला असता. पण २०२४ पासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी चारऐवजी बारा संघांना प्रवेश मिळू लागला होता. आठवे मानांकन मिळालेल्या ओहायो स्टेटने २१ डिसेंबरला घरच्या मैदानावर टेनेसीला ४२-१७ असे हरवले. १ जानेवारी २०२५ रोजी अपराजित ओरेगनविरुद्ध एका क्षणी ३४-० अशी आघाडी घेऊन ४१-२१ असा विजय मिळवला. त्या सामन्यात एकट्या स्मिथने १८७ यार्ड मिळवले. 'आम्ही हेच तर सांगत होतो,' असे म्हणण्याची संधी समर्थकांना यापेक्षा चांगली मिळाली नसती.

पुढच्याच सामन्यात मात्र टेक्ससने स्मिथला असे जखडले की त्याला एकच पास झेलता आला, तोही तीन यार्डांचा. तरीही ओहायो स्टेट २८-१४ असा जिंकला. ट्रेव्हियन हेंडरसनने जवळचा छोटा पास घेऊन ७५ यार्डांची दौड केली आणि अखेरीस बचावफळीने सामना सावरला. तेव्हा 'चेंडू सर्वोत्तम खेळाडूकडे द्या' हा मंत्रही सर्वकाळ चालत नाही. समोरचा काय देतो ते पाहून घेणे आणि ते मिळत नसेल तर वेळीच दुसरे शोधणे, हेच चालींच्या निवडीचे सार आहे.

२० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथे नोत्र दामविरुद्ध अंतिम सामन्यात या साऱ्या वादाचे उत्तर जणू एकाच चालीत मिळाले. ३१-७ अशी आघाडी ३१-२३ पर्यंत आक्रसली होती. अखेरची काही मिनिटे उरली होती. तिसऱ्या प्रयत्नात ११ यार्ड हवे होते. चेंडू धाववून घड्याळ पुढे सरकवणे हा सुरक्षित पर्याय होता. केली यांनी लांब पासची चाल निवडली. स्मिथवर एकच बचावपटू होता. हॉवर्डने फेकलेला चेंडू त्याने झेलला आणि संघ ५६ यार्ड पुढे गेला. त्यानंतर विजयावर शिक्कामोर्तब करणारी किक मारली ती मिशिगनविरुद्ध दोनदा चुकलेल्या फील्डिंगनेच. निकाल ३४-२३. ज्यांच्या हकालपट्टीची मागणी होत होती, त्या डे यांना फेब्रुवारीत वर्षाला सरासरी १ कोटी २५ लाख डॉलरचा नवा करार मिळाला. केली व्यावसायिक संघाकडे निघून गेले.

वाद संपत नाही

मग समर्थक चुकले होते का? त्यांचे निदान बऱ्याच अंशी योग्य होते, त्यांनी सुचवलेली शिक्षा मात्र उतावीळ होती. पराभव एका चुकीने होत नाही. जायबंदी फळी, चुकलेल्या किक, प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलेले पास, या सर्वांच्या बेरजेत चालींची निवड हा एक हिस्सा होता. पण प्रशिक्षकाच्या हातात असलेला हिस्सा तोच होता. म्हणूनच प्रश्न विचारण्याचा समर्थकांचा हक्क नाकारता येत नाही. त्यात खेळाडू उभे करण्यासाठी त्या हंगामात सुमारे दोन कोटी डॉलर खर्ची पडल्याचे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितले होते. इतका पैसा ओतल्यावर समर्थक जाब विचारणारच.

पुढच्या हंगामात ओहायो स्टेटने २९ नोव्हेंबर २०२५ रोजी मिशिगनला त्यांच्याच मैदानावर २७-९ असे हरवून पराभवांची मालिका खंडित केली. कोलंबसमधील जल्लोष आठवडाभर टिकला. ६ डिसेंबरला बिग टेन गटाच्या अंतिम सामन्यात इंडियानाने त्यांना नमवले. गोलरेषेजवळ चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता, तो मिळाला नाही. शेवटी जवळून मारलेली किकही चुकली. पुढे डे यांनी चाली ठरवण्याचे काम स्वतःकडे घेतले, तरी ३१ डिसेंबरला मायामीकडून २४-१४ असा पराभव पत्करावा लागला. इंडियानाविरुद्धचा तो निकाल होता १३-१०. आकडे तेच होते आणि दुसऱ्या दिवशी कोलंबसमध्ये विचारला गेलेला प्रश्नही तोच होता.